कैरीच्या साखरांब्यापासून मसालेदार सॉस

चैत्र-वैशाखात वळवाचा एखादा जोराचा पाऊस किंवा वादळी वारा आला की आंब्याच्या बागेत झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडतो. अशा कैऱ्यांना बाजारात भाव मिळत नाही आणि एकाच वेळी सर्वांच्याच बागेत त्या पडलेल्या असल्यामुळे गावातही गिऱ्हाईक सापडत नाही. घरोघरी त्यांचे लोणचे, पन्हे, साखरांबा व गुळांबा केला जातो. तथापि एका कुटुंबाला वर्षभरात लागून लागून साखरांबा तो किती लागणार? चार-पाच किलोंच्या पुढे तो खपत नाही व उरलेल्या कैऱ्या बागेतच कुजून जातात.

या साखरांब्यालाच आधार धरून त्यापासून आंबट, गोड व तिखट चवीचा सॉस तयार करता येतो. तो भाकरी-पोळीबरोबर, भजी-वड्यांबरोबर, तसेच भाजलेल्या पदार्थांवर लावण्यासाठी उपयोगी पडतो. कृती अवघड नाही. परंतु साखरांबा टिकण्याचे कारण एक आणि सॉस टिकण्याचे कारण दुसरे, हे लक्षात न घेता तो केल्यास बाटल्या आंबतात, फुटतात व क्वचित प्रसंगी खाणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकते. म्हणून कृतीपूर्वी हे कारण नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

अशा सॉसची मूळ पद्धत

भाजलेल्या मांसावर लावण्याचा गोड-आंबट सॉस ही मूळची अमेरिकेतील पद्धत होय. तेथे लाकडाच्या मंद आचेवर व धुरावर मांस तासन्‌तास भाजतात आणि त्यास ‘बार्बेक्यू’ असे म्हणतात. त्यासाठी लागणारा सॉस प्रांताप्रांतांत वेगळा असतो. उत्तर कॅरोलायना राज्याच्या पूर्व भागात तो केवळ व्हिनेगर व मिरचीचा, पातळ असा करतात. दक्षिण कॅरोलायनात मोहरीचा करतात, तर कॅन्सस सिटी या शहरात टोमॅटो आणि आपल्या काकवीसारखा उसाचा दाट पाक वापरून तो घट्ट करतात. घरी करताना पीच किंवा जर्दाळूचा जॅम घेऊन त्यात व्हिनेगर व मसाला मिसळण्याचीही चाल आहे. फळाचा गर, साखर व आंबटपणा या तिन्ही गोष्टी जॅममध्ये आयत्या मिळत असल्याने काम सोपे होते.

दक्षिण कॅरोलायना राज्यातील एकेन परगण्यात 1910 साली मेरी क्रोमर या शिक्षिकेने खेड्यातील मुलींचे टोमॅटो मंडळ स्थापन केले. प्रत्येक मुलीने एकदशांश एकरात टोमॅटो लावावेत व आलेले पीक डबाबंद करून विकावे, अशी ती योजना होती. 1914 साली त्या देशात कृषिविस्तार सेवेचा कायदा झाला, त्याच्या पायाभूत प्रयत्नांत अशा मंडळांची गणना होते. जे फळ उद्या सडणार ते आज टिकवून ठेवले तर त्याचे मोल वाढते, हे तेथील शेतकऱ्यांच्या मुलींनी प्रत्यक्ष करून दाखविले. आपल्याकडे पीचच्या जागी कैरी आहे व जॅमच्या जागी साखरांबा आहे.

साखरांबा का टिकतो व सॉस का बिघडतो

बुरशी, किण्व व जीवाणू यांना वाढीसाठी पाणी लागते. चांगल्या शिजलेल्या साखरांब्यात शंभर भागांत सुमारे 65 ते 70 भाग साखर असते. एवढ्या दाट पाकातील पाणी साखरेने धरून ठेवलेले असते, त्यामुळे सूक्ष्म जंतूंना ते मिळू शकत नाही. उलट त्यांच्याच शरीरातील पाणी बाहेर ओढले जाते. साखरांब्याची राखण साखर करते ती अशी.

आता या 1 किलो साखरांब्यात पाणी, कांदा व इतर जिन्नस घालून त्याचा दीड किलो सॉस केला, तर काय होते ते पाहावे. साखर पूर्वीचीच, म्हणजे 650 ते 700 ग्रॅम राहिली. पण ती आता दीड किलोत विभागली गेली. म्हणजे तिचे प्रमाण शेकडा 45 च्या आसपास आले. एवढ्या साखरेत किण्व सुखाने वाढते, पदार्थ आंबतो, वायू निर्माण होतो व बंद बाटलीचे झाकण उडते. राखणदार अर्ध्या वाटेवरून परत गेला असेच म्हणावयाचे.

त्यात कांदा, लसूण व आले या जिन्नसांत आंबटपणा फारच कमी असतो व ते मातीतून येतात. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जीवाणू असतो. त्याची बीजे तासभर उकळल्यानेही खात्रीने मरत नाहीत. हवाबंद व आंबटपणा कमी असलेल्या पदार्थात ती रुजतात आणि अत्यंत जहाल विष तयार करतात. पुष्कळदा अशा पदार्थाचा वास, रंग किंवा चव यांवरून काहीच कळत नाही. मात्र पदार्थाचा सामू 4.6 किंवा त्याहून कमी असेल तर या बीजांना रुजता येत नाही. शेतकऱ्यांना जमिनीच्या परीक्षणावरून सामू हा शब्द परिचित आहेच. सामू जितका कमी तितका पदार्थ अधिक आम्ल.

सारांश, साखरांब्याची राखण साखर करते व सॉसची राखण आंबटपणा आणि उष्णता यांनी करावयाची असते. साखर पातळ केली की तिची जागा व्हिनेगरने भरून काढलीच पाहिजे. पुढे दिलेल्या प्रमाणात व्हिनेगर कमी करू नये आणि कांदा-लसूण वाढवू नये, असे जे सांगितले आहे ते चवीसाठी नसून याच कारणासाठी आहे.

फळांची निवड

पडलेल्या कैऱ्या त्याच दिवशी गोळा करून वापराव्यात. कडक, हिरव्या व आंबट कैऱ्या घ्याव्यात. आपटून किंचित दबलेला भाग कापून टाकल्यास चालते. परंतु कुजलेली, बुरशी आलेली किंवा किडीने पोखरलेली कैरी संपूर्ण बाजूस काढावी. कैऱ्या दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवाव्यात, कारण त्यांना बागेतील माती लागलेली असते.

आंबा जसजसा पिकतो तसतसा त्याचा आंबटपणा घटतो. म्हणून या कृतीसाठी पिकलेला आंबा वापरू नये. करवंद व आवळा ही फळे आंबट असल्याने त्यांच्या मुरंब्याचा सॉस करता येतो. पपई, केळे व अंजीर यांत आम्ल फार थोडे असते. त्यांचा जॅम या कृतीत कैरीच्या जागी घालणे धोक्याचे आहे.

पहिली पायरी : साखरांबा

कैऱ्या सोलून किसाव्यात. 1 किलो किसास 1 किलो साखर घ्यावी. किसात थोडे पाणी घालून तो मऊ शिजवावा, नंतर साखर मिसळून मध्यम आचेवर सतत ढवळत आटवावा. भांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा न टवकलेल्या एनॅमलचे असावे. तांब्या-पितळेच्या भांड्यात, विशेषतः कल्हई उडालेली असल्यास, आम्लामुळे तांबे पदार्थात उतरते व ते अपायकारक ठरते. ॲल्युमिनियमचे व लोखंडाचे भांडेही वर्ज्य समजावे.

साखरांबा तयार झाला हे ओळखण्याची सर्वांत खात्रीची रीत वजनाची आहे. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी करून ठेवावे. आतील पदार्थ साखरेच्या वजनाच्या सुमारे दीडपट, म्हणजे 1 किलो साखरेस दीड किलो राहिला की तो तयार झाला. तापमापक असल्यास त्या गावी पाणी ज्या अंशावर उकळते त्यापेक्षा सुमारे 5 अंश सेल्सिअस अधिक तापमान यावे. समुद्रकाठी हे तापमान 105 अंश भरते. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी पाणीच 100 अंशांच्या आत उकळते, म्हणून तेथे 105 अंशांची वाट पाहिल्यास पाक करपतो.

घरी आधीच केलेला साखरांबा असेल तर तोही चालतो. मात्र तो पातळ, फसफसलेला किंवा वर बुरशी धरलेला नसावा. वरची बुरशी काढून खालचा भाग वापरणे योग्य नव्हे. साखरेऐवजी गूळ घालून केलेला गुळांबा घेतल्यास सॉसचा रंग काळसर येतो, पण चव खमंग लागते.

दुसरी पायरी : सॉसचे साहित्य

कैरीचा साखरांबा : 1 किलो
व्हिनेगर, 5 टक्के आम्लाचे : 350 मिलिलिटर
पाणी : 300 मिलिलिटर
सोललेला कांदा : 100 ग्रॅम
सोललेला लसूण : 15 ग्रॅम
आले : 15 ग्रॅम
काकवी : 50 ग्रॅम
मीठ : 25 ग्रॅम
लाल मिरचीची पूड : 15 ग्रॅम
मोहरीची पूड : 10 ग्रॅम
मिरे : 5 ग्रॅम
दालचिनी : 3 ग्रॅम
लवंगा : 6

मिरची, मिरे व लवंग आवडीप्रमाणे कमी-अधिक करण्यास हरकत नाही. व्हिनेगर, कांदा, लसूण, आले व पाणी ही मात्र मोजूनच घ्यावीत.

व्हिनेगरची बाटली घेताना तिच्यावर आम्लाचे प्रमाण छापलेले पाहावे. बाजारात 4 टक्क्यांचे व्हिनेगरही मिळते. ते असल्यास 440 मिलिलिटर घ्यावे व तितके पाणी कमी करावे. गोव्यात व लगतच्या भागात माडाच्या ताडीपासून घरी व्हिनेगर करतात. स्वयंपाकात ते उत्तमच, परंतु त्यातील आम्लाचे प्रमाण दर खेपेस बदलते, म्हणून टिकाऊ पदार्थासाठी त्यावर विसंबू नये. निर्भेळ ॲसेटिक आम्ल आणून घरी पातळ करण्याचा मोहही टाळावा. ते कातडी व डोळे भाजते, आणि कारखान्यांत वापरावयाचे आम्ल खाण्याच्या शुद्धतेचे नसते.

कृती

1. कांदा सालीसकट निखाऱ्यावर भाजावा, साल काढून मग वजन करावे. यामुळे सॉसला भाजल्याचा व किंचित धुराचा स्वाद येतो. निखारे नसल्यास कच्चा कांदा वापरावा.

2. कांदा, लसूण व आले बारीक वाटून 300 मिलिलिटर पाण्यात घालावे. मिरे, दालचिनी व लवंगा जाडसर कुटून स्वच्छ मलमलीच्या पुरचुंडीत बांधाव्यात व ती पुरचुंडी त्याच पाण्यात सोडावी. पातेल्यावर झाकण ठेवून हे दहा मिनिटे उकळावे. मसाल्याची पूड थेट घातल्यास सॉस काळपट व खरखरीत होतो.

3. त्यात साखरांबा, काकवी, मिरचीपूड व मोहरीची पूड मिसळून मंद आचेवर ढवळत शिजवावे. सर्व एकजीव झाले की पुरचुंडी पिळून काढावी व मिश्रण स्टीलच्या चाळणीतून घोटून गाळावे.

4. गाळलेले मिश्रण पुन्हा आचेवर ठेवून सुमारे 1,200 ग्रॅम राहीपर्यंत आटवावे.

5. आता मीठ व व्हिनेगर घालावे. व्हिनेगर शेवटी घालण्याचे कारण असे की त्यातील आम्ल वाफेबरोबर उडून जाते. आधी घातल्यास वास घरभर होतो आणि सॉसमध्ये आम्ल कमी उरते. व्हिनेगर घातल्यावर पाच मिनिटे खळखळून उकळी येऊ द्यावी. शेवटी वजन दीड किलोच्या आसपास भरावे.

सामू मोजण्याच्या कागदी पट्ट्या मिळत असल्यास थोडा सॉस थंड करून तपासावा. तो 4 किंवा त्याहून कमी असावा. 4.6 ही शेवटची सीमा असल्याने तिच्या पुष्कळ अलीकडे राहणे शहाणपणाचे आहे.

फोडणी व पीठ घालू नये

आपल्याकडील गृहिणींचा हात साहजिकच फोडणीकडे वळतो. लोणच्यात तेल चालते, मग येथे का नाही, असा प्रश्न विचारला जाईल. लोणच्यात मीठ भरपूर असते व फोड आंबट असते, त्यामुळे तेल केवळ हवा रोखण्याचे काम करते. सॉसमध्ये मीठ अगदी थोडे आहे. तेलाच्या थेंबाआड अडकलेल्या मसाल्याच्या कणापर्यंत आम्ल पोहोचत नाही, आणि हवेशिवाय वाढणाऱ्या जीवाणूला तेथे आयते घर मिळते. त्याचप्रमाणे दाटपणासाठी मक्याचे किंवा तांदळाचे पीठ घातल्यास बाटली उकळताना उष्णता मध्यापर्यंत लवकर पोहोचत नाही. फोडणी द्यावयाची असल्यास बाटली उघडल्यावर, लागेल तेवढ्याच सॉसला द्यावी.

बाटल्या भरणे

वरील प्रमाणात 200 मिलिलिटरच्या सुमारे सहा बाटल्या भरतात. बाटल्या काचेच्या असाव्यात व झाकणे नवी असावीत. बाटल्या धुऊन दहा मिनिटे पाण्यात उकळाव्यात व गरम असतानाच त्यांत उकळता सॉस भरावा. वर सुमारे 1 सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी, तोंड स्वच्छ पुसावे व झाकण लावावे.

मग मोठ्या पातेल्याच्या तळाशी जाड फडके घालून त्यावर बाटल्या उभ्या ठेवाव्यात. झाकणांवर दोन-तीन सेंटिमीटर येईल इतके गरम पाणी भरावे. पाण्यास उकळी फुटल्यापासून 20 मिनिटे मोजावीत. समुद्रसपाटीपासून 300 मीटरपेक्षा उंच असलेल्या गावी पाणी कमी तापमानावर उकळते, म्हणून तेथे 25 मिनिटे ठेवावे. कोकणपट्टीत 20 मिनिटे पुरतात, घाटावरच्या बहुतेक गावांनी 25 मिनिटांचा हिशेब धरावा. नंतर बाटल्या काढून लाकडी फळीवर ठेवाव्यात. थंड फरशीवर ठेवल्यास काच तडकते.

बाटलीवर तयार केल्याची तारीख लिहून ती अंधाऱ्या व थंड जागी ठेवावी व एका वर्षाच्या आत वापरावी. उघडलेली बाटली शीतकपाटात ठेवून महिनाभरात संपवावी. शीतकपाट नसल्यास लहान बाटल्याच भराव्यात व उघडलेली बाटली दोन-चार दिवसांत संपवावी. झाकण फुगलेले असेल, उघडताना फसफस होत असेल किंवा बुरशी दिसत असेल तर चव घेऊन पाहू नये. तो सॉस जनावरांनाही न घालता खोल खड्ड्यात पुरावा.

उपयोग

भाजलेले वांगे, रताळे, सुरण, पनीर किंवा कोंबडी यांवर हा सॉस छान लागतो. मात्र तो आरंभापासून लावू नये, कारण साखर लवकर करपते. पदार्थ भाजत आला की शेवटच्या दहा मिनिटांत दोन-तीन हात द्यावेत. वाटीत लागेल तेवढाच सॉस काढून घ्यावा. कच्च्या मांसाला लागलेला कुंचला बाटलीत बुडवू नये व वाटीत उरलेला सॉस परत बाटलीत ओतू नये.

प्रात्यक्षिक कसे दाखवावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला मंडळात किंवा बचत गटात ही कृती दाखविण्याच्या आठ दिवस आधी एक सोपा प्रयोग मांडावा. काचेचे तीन पेले घ्यावेत. पहिल्यात नुसता साखरांबा ठेवावा. दुसऱ्यात साखरांबा व तितकेच पाणी कालवून ठेवावे. तिसऱ्यात साखरांबा घेऊन त्यात पाण्याऐवजी तितकेच व्हिनेगर कालवावे. तिन्ही पेल्यांवर पातळ कापड बांधून ते सर्वांना दिसतील असे ठेवावेत, बूच लावू नये. काही दिवसांत दुसऱ्या पेल्यात बुडबुडे व आंबूस वास येऊ लागतो, किंवा वर बुरशी धरते. पहिला व तिसरा मात्र जसेच्या तसे राहतात. साखर पातळ झाली की राखण जाते आणि आम्लाने ती परत येते, ही गोष्ट तासभर व्याख्यान देऊन जितकी पटणार नाही तितकी या तीन पेल्यांवरून पटते. प्रयोगातील पदार्थ कोणी चाखू नये, याकडे कार्यकर्त्याने लक्ष ठेवावे.

विक्री करावयाची झाल्यास

फळांचे टिकाऊ पदार्थ विकण्यासाठी पूर्वी 1955 सालचा फळ उत्पादन आदेश लागू होता. आता 2006 सालच्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली लहान उत्पादकानेही नोंदणी करणे आवश्यक आहे. बाटलीवर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, वापरण्याची मुदत व नोंदणी क्रमांक छापावा लागतो. विक्रीपूर्वी सॉसचा नमुना प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. कोकणातील शेतकऱ्यांना दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून, तसेच सर्वत्र जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडून याबाबत मार्गदर्शन मिळू शकते.

हिशेब ठेवताना केवळ साखर व मसाल्याचा खर्च धरून चालत नाही. बाटल्या, झाकणे, जळण, फुटतूट आणि घरातील माणसांची मजुरीही त्यात धरावी. पहिल्या वर्षी दहा-वीस बाटल्या घरी व शेजारीपाजारी वापरून पाहाव्यात, चव बसवावी व मगच पुढचे पाऊल टाकावे.

बागेत पडलेली कैरी ही निसर्गाची हानी असली तरी ती सर्वस्वी वाया घालविणे आपल्या हातचे नाही असे नव्हे. साखरेची राखण कोठे संपते व व्हिनेगरची कोठे सुरू होते, एवढे एक तत्त्व ज्या घराने ओळखले त्या घरास पडलेल्या फळातूनही वर्षभर पुरेल असा, निर्धास्तपणे खाता येईल असा पदार्थ मिळविता येईल.